लेकीसाठी पोल निवडताना

पोल व्हॉल्टच्या, म्हणजे बांबूउडीच्या प्रत्येक पोलवर, वरच्या टोकाजवळ, दोन आकडे ठळक लिहिलेले असतात. एक लांबीचा, एक वजनाचा. अकरा फूट, १२५ पौंड. साडेबारा फूट, १५० पौंड. अमेरिकेत हायस्कूलचं मूल या खेळात उतरलं की आईवडिलांची पहिली गाठ या आकड्यांशी पडते. बहुतेकांना वाटतं, दुकानातून मापाचे बूट आणावेत तसा मुलाच्या वजनाचा पोल आणला की झालं. तसं नसतं. माझी मुलगी फिलाडेल्फियाच्या उपनगरातल्या एका सरकारी शाळेत शिकते आणि नववीपासून व्हॉल्ट करते. तिच्यासाठी पोल शोधताना जे पाहिलं, विचारून घेतलं, पदरात पडलं ते इथे लिहितेय. आपल्यापैकी कुणाचं मूल उद्या या खेळाकडे वळलं तर त्यांना उपयोग व्हावा.

आधी नियम, कारण सगळं तिथून सुरू होतं. इथल्या हायस्कूलच्या स्पर्धा एनएफएचएस या संघटनेच्या नियमांनी होतात. खेळाडूचं वजन पोलवर लिहिलेल्या आकड्याइतकं किंवा त्याहून कमी असलं पाहिजे. ११८ पौंडांच्या मुलीला १२० चा पोल चालतो, ११५ चा चालत नाही. तो आकडा पोल बनवणाऱ्या कंपनीने ठरवलेला हवा आणि किमान पाऊण इंच उंचीच्या अक्षरांत, पोलच्या रंगावर उठून दिसेल असा लिहिलेला हवा. शिवाय एक इंच रुंदीचा गोल पट्टा असतो. वरचा हात त्या पट्ट्याच्या वर जाता कामा नये. आपल्या खेळाडूंचे पोल नियमात बसतात याची खातरजमा स्पर्धेपूर्वी कोचने करायची असते. नियमाबाहेरचा पोल वापरला की त्या प्रकारातून खेळाडू बाद.

या नियमामागे कारण आहे. वजनाच्या मानाने हलका पोल जास्त वाकतो, कधी तुटतो, कधी मुलाला मॅटच्या मागच्या कडेपर्यंत नेऊन टाकतो. पण मला सुरुवातीलाच एक गोष्ट खटकली: नियम राखण करतो ती एकाच बाजूने. ११२ पौंडांच्या नवख्या मुलीच्या हातात कुणी १६० चा पोल दिला तर नियमाची काहीच हरकत नाही. आणि तो पोल तिच्याकडून उभाच होणार नाही. ती अर्ध्यातून मागे, रनवेच्या दिशेने येईल. पोल व्हॉल्टमध्ये मॅटच्या मागे पडण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, भय या मागे येण्याचं असतं, कारण तिथे खाली, पोल रोवायचा लोखंडी बॉक्स असतो. २००२ च्या फेब्रुवारीत पेन स्टेट विद्यापीठाचा एक व्हॉल्टर मिनियापोलिसच्या स्पर्धेत त्या बॉक्समध्ये डोक्यावर पडून दगावला. एकोणीस वर्षांचा होता. त्यानंतर मॅट मोठ्या झाल्या, पुढे हायस्कूलमध्ये बॉक्सभोवती मऊ कॉलर सक्तीची झाली. आमच्या राज्यात ही गोष्ट जुने कोच अजून सांगतात, आणि सांगताना आवाज खाली येतो.

थोडक्यात, मुलाचं वजन म्हणजे पोलवरच्या आकड्याची खालची मर्यादा. त्याच्या वरती योग्य पोल कुठला, हे शोधायचं काम वेगळंच आहे.

आमच्या शाळेचे पोल मैदानाच्या कडेला एका शेडमध्ये, भिंतीला ठोकलेल्या ब्रॅकेटांवर आडवे ठेवलेले असतात. मोसमाच्या आधी कोच एकेक पोल खाली काढतात आणि टोकापासून टोकापर्यंत त्यावरून तळवा फिरवतात. अगदी सावकाश, पोल फिरवत फिरवत. कुठे खाच, ओरखडा, स्पाइक लागल्याची खूण बोटाला जाणवली की थांबतात, उजेडाकडे धरतात, नखाने चाचपतात. फायबरग्लासच्या पोलला बारीकशी खाचसुद्धा पुरते. वाकताना सगळा ताण तिथे गोळा होतो आणि पोल तिथूनच जातो. मुलीने मला पहिल्या आठवड्यात घरी येऊन बजावलं होतं, "आई, पोल जमिनीवर असला की ओलांडायचा नाही. स्पाइक्स घालून तर नाहीच नाही." शेडमध्ये एक पोल नुसता कोपऱ्यात उभा होता, त्यावर लाल टेप. विचारलं तर कळलं, त्यावरचा आकडा कुणीतरी पूर्वी घासून काढलाय. कंपनीचा आकडा नाही म्हणजे तो पोल स्पर्धेत चालत नाही, आणि सरावात वापरायचा तर तो किती वजनाचा हे सांगणार कोण? कोच म्हणाले, याचे तुकडे करायचेत. केले की नाही ते दिसलं नाही, पण त्यानंतर तो शेडमध्ये नव्हता.

तिला पहिला पोल मिळाला तो अकरा फुटी १२०. वजन तेव्हा ११२. वरचा हात पट्ट्याच्या दीड फूट खाली. इतक्या खाली धरलं की पोल वाकतच नाही, आणि कोचना तेच हवं होतं. पहिले कित्येक आठवडे मुलांनी पोल वाकवायचा नाही: ताठ पोलवर हात उंच करून टेकऑफ घ्यायचा, पोलबरोबर मॅटच्या मधोमध जायचं आणि पायांवर उतरायचं. मुलं घरी स्वीडनचा विश्वविक्रमवीर डुप्लांटिसचे व्हिडिओ बघून येतात. हा मुलगा लुइझियानातल्या लफायेतच्या हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ५.९० मीटर गेलेला. त्याचा पोल कसा कमानीसारखा वाकतो ते बघून सगळ्यांना आपलाही तसा वाकायला हवा असतो. त्यासाठी काही जण मुद्दाम मऊ पोल मागतात. आमच्या कोचचं उत्तर ठरलेलं: पोल किती वाकला ते बघू नका, कुठे पडलात ते बघा.

या वाक्यातच पोल निवडीचं बहुतेक शास्त्र आलं, पण ते उमगायला मला जरा आकडेमोड करावी लागली. पोल स्वतःहून काही ताकद देत नाही. धावण्यातली गती तो वाकून साठवतो आणि सरळ होताना परत देतो. गती सेकंदाला सात मीटर असेल तर तिचं पूर्ण रूपांतर उंचीत झालं तरी सुमारे अडीच मीटर होतात. त्यात शरीराचा गुरुत्वमध्य आधीच जमिनीपासून मीटरभर वर असतो, तो धरायचा. गती साडेसात झाली तर अडीचचे पावणेतीनच्याही वर होतात. म्हणजे अर्ध्या मीटरच्या वेगाने फूटभराहून जास्त उंची. म्हणून पोल निवडताना वजनाइतकाच, माझ्या मते वजनाहून जास्त, वेग बघायचा असतो. एकाच वजनाच्या दोन मुलींपैकी जी जोरात पळते तिला जास्त कडक पोल लागतो. वेग वाढला की हात वर सरकतो, हात वर सरकला की पोल आखूड वाटायला लागतो, आणि मग पुढचा पोल.

हे वाचायचं कसं? कोचनी मला टेकऑफच्या जागेसमोर, रनवेला काटकोनात उभं राहून व्हिडिओ काढायला शिकवलं. पाऊल उचलतं तेव्हा वरचा हात त्या पावलाच्या बरोबर वर आहे का, हे त्यात दिसतं. आणि दुसरं, मॅटवर ती कुठे उतरली. मधोमध उतरली तर पोल बरोबर. पुढच्या कडेला, बॉक्सकडे उतरली तर पोल कडक आहे किंवा हात फार वर आहे. मागच्या कडेला गेली, आणि जाताना बारला वर चढतानाच धक्का लागला, तर पोल मऊ पडला. याला मुलं "ब्लो थ्रू" म्हणतात. पोल इतक्या सहज उभा होतो की तिला वर वळायला वेळच मिळत नाही.

पण पोल बदलणं हे सगळ्यात शेवटचं. आधी पाऊल. पाऊल आत पडलं, म्हणजे टेकऑफ बॉक्सच्या फार जवळून झाला, तर चांगला पोलही वाईट वागतो: हाताला झटका बसतो, वेग मरतो, आणि मूल म्हणतं पोल कडक आहे. तेव्हा रनवेवरची खूण मागे घ्यायची. मग स्टँडर्ड, म्हणजे बारचे खांब: ते बॉक्सच्या मागे ८० सेंटिमीटरपर्यंत नेता येतात. मग ग्रिप, दोन-तीन इंच वर किंवा खाली. हे सगळं करून झालं आणि तरी ती मागच्या कडेला जातेय, तेव्हा पोल. मी बघितलेल्या गोंधळांपैकी अर्धेअधिक हा क्रम उलटा केल्यामुळे झालेले होते. एक उडी बिघडली की बाकावरून कुणीतरी ओरडतं, "दुसरा पोल घे!" आणि मूल भांबावतं.

दहावीच्या सुरुवातीला तिचं वजन १२१ भरलं.

हा भाग मला जरा थांबून लिहायचाय. नियम वजनावर बेतलेला असल्यामुळे मोसमाच्या सुरुवातीला वजन घ्यावंच लागतं. आमचे कोच एकेका मुलाला ट्रेनरच्या खोलीत बोलावतात, दार लावतात, आकडा लिहितात, विषय संपला. सगळीकडे असं नसतं. एका स्पर्धेत एका शाळेच्या माणसाने रांगेत उभ्या मुलींचे आकडे मोठ्याने वाचून कागदावर खुणा करताना मी पाहिलंय. चौदा-पंधरा वर्षांच्या मुली, सगळ्यांदेखत. मला त्या माणसाचा संताप आला, आजही येतो. हे वय असं आहे की एक आकडा कानावर पडला तर वर्षभर डोक्यातून जात नाही.

आमची त्या दिवशी गाडीत बसल्या बसल्या म्हणाली, "आई, माझा १२० गेला. एकच पौंड जास्त आहे. मी थोडं कमी खाल्लं तर स्पर्धेपर्यंत उतरेल."

"अगं, पण पोल बदलायचा की तू?"

"तो पोल मला सवयीचा आहे."

घरी आल्यावर मी कोचना फोन केला. त्यांनी दुसऱ्या दिवशी सगळ्या व्हॉल्टरांना एकत्र बसवून सांगितलं: पोल मोठा करायचा असतो, मुलगी लहान करायची नसते. वाढत्या वयात वजन वाढतं, त्यातलं बरंचसं स्नायूंचं असतं, त्याबरोबर वेग वाढतो, आणि वेग वाढला की तसाही तो जुना पोल कामाचा राहत नाही. उपाशी राहून मऊ पोलवर टिकून राहणाऱ्या मुलीचा वेगही जातो, पायही दुखावतात. ज्यांची मुलं हा खेळ खेळतात त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे: वजनाचा आकडा पोलसाठी आहे, ताटासाठी नाही. घरात या कारणावरून जेवणाबद्दल एक शब्द निघू देऊ नका.

१२० गेला, तेव्हा शेडमधला पुढचा अकरा फुटी १२५. फेब्रुवारीपर्यंत तो तिला मऊ पडायला लागला. तीन लेफ्टची धाव पाच लेफ्टची झाली होती. उजव्या हाताची मुलं डावं पाऊल मोजतात, "पाच, चार, तीन..." असं मनातल्या मनात, म्हणजे पाच लेफ्ट म्हणजे दहा पावलं. धाव लांबली, वेग वाढला, आणि स्टँडर्ड पूर्ण मागे नेऊनही ती बारला चढतानाच धडकायला लागली. आता पुढचा पोल हवा. आणि शेडमध्ये पुढचा पोल होता साडेअकरा फुटी १३५.

कागदावर बघाल तर सहा इंच आणि दहा पौंड. खेळातला ठोकताळा असा की लांबी सहा इंच वाढली की पोल साधारण दहा पौंडांनी कडक झाल्यासारखा वागतो. म्हणजे साडेअकरा फुटी १३५ हा अकरा फुटी १४५ च्या आसपास. १२५ वरून एकदम १४५. दोन-तीन पायऱ्या गाळून. तिने तो सरावात घेतला आणि पोल उभा व्हायच्या आतच थबकला. ती मॅटच्या पुढच्या कडेला, एक पाय जवळजवळ कॉलरवर. कोच बाजूलाच उभे होते, त्यांनी तिच्या दंडाला धरून तिला मॅटवर ओढलं आणि तो पोल तिथेच बाजूला ठेवला. माझ्या पोटात गोळा आला होता, पण तिने शांतपणे विचारलं, "मधला पोल कुठाय?"

मधला पोल बहुतेक शाळांकडे नसतोच, हीच तर अडचण आहे. एका पोलला काहीशे डॉलर पडतात. शाळा चार-पाच पोल घेते, त्यातला एखादा तुटतो, दुसरा कुठे जातो कुणास ठाऊक, आणि मुलांना जे आहे त्यावर उडावं लागतं. व्हॉल्टरला खरं तर पोलांची मालिका लागते: एकेक पायरी, पाच पाच पौंडांची. एक पोल कितीही चांगला असला तरी तो एका मोसमातल्या काही आठवड्यांपुरताच तिचा असतो.

मी पोल बनवणाऱ्या एका कंपनीला फोन केला, विकत घ्यायच्या इराद्याने. पलीकडच्या बाईंनी किंमत सांगायच्या आधी प्रश्न विचारले. वजन किती? सध्याचा पोल कुठला, कुठल्या कंपनीचा? हात पट्ट्यापासून किती खाली? धाव किती लेफ्टची? मॅटवर कुठे उतरते? शेवटी म्हणाल्या, पोलवर बारीक अक्षरात एक दशांशाचा आकडा कोरलेला असेल, तो वाचून दाखवा. तो फ्लेक्स नंबर. पोल दोन टोकांवर आडवा टेकवून मधोमध ५० पौंडांचं वजन टांगतात आणि तो किती सेंटिमीटर खाली झुकला ते मोजतात. आकडा जितका लहान तितका पोल कडक. एकाच कंपनीचे, एकाच लांबीचे, दोन्हींवर १२५ लिहिलेले पोल असले तरी या आकड्यात थोडा फरक निघतो, आणि मुलांच्या हाताला तो कळतो. मात्र दोन वेगळ्या कंपन्यांचे फ्लेक्स नंबर शेजारी ठेवून तुलना करायची नाही, कारण टेकवण्यातलं अंतर आणि मोजायची पद्धत वेगळी असते. लांबी वेगळी असली तरीही तेच.

त्या बाईंनी मला पोल विकला नाही. म्हणाल्या, पंधरा वर्षांच्या मुलीसाठी एकच पोल घेऊ नका, जवळपास क्लब असेल तर भाड्याने घ्या. त्यांच्या धंद्याच्या दृष्टीने तोट्याचा सल्ला होता, म्हणून तो मनात घर करून राहिला.

तासाभराच्या अंतरावर एक व्हॉल्ट क्लब आहे, गोदामासारख्या उंच इमारतीत. भिंतीला पोलांची रांग, लांबीप्रमाणे आणि प्रत्येक लांबीत वजनाप्रमाणे. ते बघूनच तिचा चेहरा खुलला. तिथे अकरा फुटी १३० आणि साडेअकरा फुटी १२५ असे दोन घेतले, मोसमाच्या भाड्याने. दोन्ही तिच्या १२१ च्या वर, म्हणजे नियमात. १३० ही १२५ च्या पुढची पायरी. साडेअकरा फुटी १२५ ठोकताळ्याप्रमाणे अकरा फुटी १३५ सारखा, म्हणजे त्याच्याही पुढची. आधी १३० वर हात पट्ट्यापर्यंत न्यायचा, मग लांब पोल घेऊन हात दोन इंच खाली आणायचा आणि पुन्हा वर चढवत जायचं. पोल कडक होतो आणि हात खाली येतो, हे एकाच वेळी. हात तेवढाच ठेवून पोल वाढवला तर थबकायची भीती.

पोल घरी आणणं हे वेगळं प्रकरण. नवऱ्याने गाडीच्या टपावर दोन ठिकाणी फोम बांधून त्यावर पोलांची नळीसारखी पिशवी तीन जागी आवळली, पुढून-मागून लाल फडकं. शाळेच्या बसमध्ये पोल मावत नाहीत, त्यामुळे स्पर्धेच्या दिवशी पोल पोचवायची जबाबदारी कुणातरी पालकावर येते आणि तो पालक ट्रॅफिकमध्ये अडकला तर मुलगी पोलशिवाय उभी. मोठ्यांचंही याहून वेगळं होत नाही. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत ब्राझीलच्या फाबियाना मुरेरचा एक पोल ऐन वेळी सापडेना. तिच्याकडे बाकीचे होते, पण त्या उंचीला हवा होता तो तोच, आणि तिची स्पर्धा तिथेच विस्कटली.

एप्रिलमधली एक स्पर्धा मला तपशिलाने सांगायचीय, कारण दोन पोल जवळ असणं म्हणजे काय ते त्या दिवशी दिसलं. आमच्याकडचा एप्रिल बेभरवशाचा. सकाळी समोरून वारा, थंडी, मुली स्वेटशर्ट काढायला तयार नाहीत. समोरचा वारा म्हणजे वेग कमी, तेव्हा तिने १३० घेतला आणि हात नेहमीपेक्षा दोन इंच खाली. आठ फूट गेली, साडेआठ गेली. दुपारी ऊन आलं आणि वारा फिरला, आता पाठीमागून. नऊ फुटांवर पहिल्या प्रयत्नात ती मॅटच्या पार मागे, बार मांडीने पाडून. हात दोन इंच वर घेतला. दुसऱ्या प्रयत्नातही मागेच, बार छातीने. स्टँडर्ड ८० वर होते, आता मागे सरकायला जागा नाही. पाऊल मी व्हिडिओत पाहिलं, बरोबर होतं. एक प्रयत्न उरलेला.

कोच कुंपणापलीकडून काही बोलले नाहीत, नुसते तिच्याकडे बघत राहिले. ती पिशवीकडे गेली आणि साडेअकरा फुटी १२५ काढला. टेपवर बोट ठेवून मोजलं, पट्ट्यापासून सहा बोटं खाली, तिथे हात. नाव पुकारलं की एक मिनिट असतं, त्यातली बरीच सेकंदं तिने पोल उभा धरून वारा ऐकण्यात घालवली. मग धावली. पोल जड उठला, सावकाश, आणि तेवढ्या वेळात तिला पाय वर न्यायला, वळायला सवड मिळाली. मॅटच्या बरोबर मधोमध. बार जागच्या जागी. त्याच पोलवर ती साडेनऊही गेली.

मे महिन्यात आम्ही शिपेन्सबर्गला राज्य स्पर्धा बघायला गेलो, नुसते प्रेक्षक म्हणून. तिथे वरच्या मुलींकडे सहा-सहा, आठ-आठ पोलांच्या पिशव्या होत्या, प्रत्येक पोलवर वेगळ्या रंगाची टेप. बार चढत गेला तशी एक मुलगी तीनदा पोल बदलताना पाहिली. प्रत्येक उडीनंतर ती मॅटवरच उठून बसायची, आपण कुठे पडलो ते वळून बघायची, आणि मग कोचकडे. माझी लेक माझ्या शेजारी बसून पुटपुटत होती, "आता ग्रिप वर घेईल... नाही, पोल बदलेल." बहुतेक वेळा तिचं बरोबर येत होतं.

त्या उन्हाळ्यात मी शाळेच्या पालकांच्या बूस्टर क्लबपुढे हा विषय नेला. गणवेश, जेवणं, बॅनर यांवर पैसे जातात, ते जावेत, पण शेडमध्ये १२५ नंतर एकदम साडेअकरा फुटी १३५ असणं हे सुरक्षित नाही, हे मी आकडे मांडून सांगितलं. मार्चमधला तो थबकल्याचा व्हिडिओ दाखवला. कुणी वाद घातला नाही. अकरा फुटी १३०, अकरा फुटी १३५ आणि साडेअकरा फुटी १३० असे तीन पोल मंजूर झाले. दरवर्षी एखाद-दुसरा असा भर घालत गेलं तर तीन-चार वर्षांत शाळेची धड मालिका उभी राहील.

पुण्याला माझा भाऊ असतो, त्याचा मुलगा बालेवाडीला ॲथलेटिक्स करतो आणि त्याच्याही डोक्यात व्हॉल्ट आहे. भावाने विचारलं, तिकडचे नियम इकडे लागू पडतात का? लागू पडत नाहीत. भारतातल्या स्पर्धा वर्ल्ड ॲथलेटिक्सच्या नियमांनी होतात आणि त्यात खेळाडूच्या वजनाची अट नाही, पोल कुठल्याही लांबीचा, कुठल्याही मटेरियलचा चालतो, फक्त पृष्ठभाग गुळगुळीत हवा. मी त्याला सांगितलं, म्हणजे तिथे तपासणारं कुणी नाही, तेव्हा तूच तपास. पोलवर किलो असतील तर पौंडांत करून बघायची गरज नाही, १२५ पौंड म्हणजे साधारण ५७ किलो एवढं लक्षात ठेव. पोराचं वजन पोलवरच्या आकड्याच्या खाली आहे ना, पोलवर खाच नाही ना, आणि पोल कडक पडतोय असं वाटलं तर आधी हात खाली घे, तरी जमेना तर मऊ पोल मागून घे. हात खाली घेतला की पोल वाकतो कमी, पण उभा सहज होतो, ही गोष्ट मोठ्या माणसांच्याही चटकन ध्यानात येत नाही.

आता ती अकरावीत गेलीय. वजन १२७. म्हणजे साडेअकरा फुटी १२५ नियमातून गेला, तो क्लबला परत केला. अकरा फुटी १३० चालतो, पण तिला तो केव्हाच मऊ पडलाय. शेडमधल्या त्या नव्या पोलवर आता नववीची एक मुलगी हात पट्ट्याखाली फूटभर धरून ताठ उड्या मारते. साडेअकरा फुटी १३० वर माझ्या लेकीचा हात पट्ट्याला टेकलाय, म्हणजे पुढचा पोल हवा, आणि आमच्या घरात सध्या वाद चालू आहे तो त्यावरच. मी साडेअकरा फुटी १३५ च्या बाजूची: पायरी लहान, लांबी ओळखीची. तिला बारा फुटी १३० हवा, कारण त्यावर हात वर न्यायला जागा आहे आणि तिच्या मते तिची धाव आता सहा लेफ्टची झालीय. कोचनी दोघींचं ऐकून घेतलं आणि सांगितलं, आधी १३५ घ्या, त्यावर सहा लेफ्टने मॅटच्या मागच्या कडेला गेली की बारा फुटी. १३५ शेडमध्येच आहे, बारा फुटी क्लबमध्ये. येत्या शनिवारी १३५ बाहेर काढायचाय.